चाळून आणलेली माती

आमच्या वस्तीतलं एकही घर एका माणसानं बांधलेलं नाही. त्यामुळे तुमचं घर कोणी बांधलं असं कोणी विचारलं की मला कंटाळा येतो. उत्तर लांब आहे. त्यात सांगण्यासारखं थोडं आणि वाहण्यासारखं फार आहे. घरचे म्हणतात लिहून ठेवा, म्हणून लिहिते. चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढ्यात जमेल तसं.

आमचं गाव अकोला आणि दर्यापूरच्या मधे, पूर्णेच्या खारपट्टीत. विहीर खणली की खारं पाणी लागतं. जमीन काळी, सोन्यासारखी आहे असं म्हणतात. ज्यांची असते ते म्हणतात. आमची नव्हती. आमचा वाडा, म्हणजे आमच्या लोकांची घरं, गावाच्या उतरत्या बाजूला, नदीकडे होता. छप्पन साली आमच्या वाड्यानं धम्म घेतला. नागपूरला गेलेले लोक परत आले आणि थोड्याच दिवसांत मरीमायचा ओटा फोडला, घराघरांतले देव टोपल्यांत भरून पूर्णेत सोडले, मेलेलं ढोर ओढायचं बंद केलं. गावानं त्याचा त्रास द्यायचा तेवढा दिला. तो सगळा लिहीत बसत नाही. मजुरीला आम्हाला दुसऱ्या गावांच्या वावरांत जावं लागलं, एवढं पुरे.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी नदीचं पाणी वाड्यात शिरलं. माणूस कोणी गेलं नाही, कारण पाणी दिवसा आलं. घरं मात्र बसली. आमच्याकडे तेव्हा घरं मातीची असत आणि वर कौलं नसत. लाकडी बल्ल्या आडव्या टाकायच्या, त्यांवर तुराट्या पसरायच्या, तुराट्यांवर मातीचा जाड थर. त्याला धाबं म्हणतात. भिंत बसली की धाबं खाली येतं. पाणी ओसरल्यावर आम्ही पाहायला गेलो तर वाड्याच्या जागी पांढऱ्या मातीचे ढीग पडले होते आणि त्यांतून बल्ल्यांची टोकं वर आली होती.

माझा नवरा त्याच्या आधीच अकोल्याला तेलाच्या मिलमध्ये गेला होता. पहिल्या वर्षी पोळ्याला आला, मग आला नाही. तिकडे त्यानं दुसरी बाई ठेवली आहे असं बाजाराला गेलेल्या लोकांनी सांगितलं. मला रडू आलं नाही. राग आला, कारण दोघांच्या मजुरीवर चालणारं घर एकीच्या अंगावर पडलं.

पुरानंतर मी, सासू आणि माझी पोरगी दिराच्या खोपटात राहिलो. गायरानात तुराट्या उभ्या करून बांधलेलं खोपट ते. त्यात आधीच त्यांची सहा माणसं. जाऊ तशी वाईट नव्हती. पण रोज सकाळी पोतं झटकताना ती कोंबडीला विचारायची, "काहून वं, पाहुने कवा जाऊन राहिले?" कोंबडी काही बोलायची नाही. मीही बोलायची नाही. माझे आईबाप हिवरखेडकडचे, दोघंही वारले होते. भाऊ होता, पण त्याच्या बायकोचीही कोंबडी असणारच.

तर मला घर हवं होतं. मोठं नको, चांगलं नको. ज्यातून मला कोणी ऊठ म्हणणार नाही असं. पुढची सगळी धडपड मी त्या एका गोष्टीसाठी केली.

तहसीलीतून गायरानातली उंच जागा आमच्या लोकांना मिळाली. जागा मिळाली, घर नाही. मग लिंबाखाली सगळे बसले आणि घरं आपणच बांधायची असं ठरलं. कोणाजवळ गवंडी लावण्याची ऐपत नव्हती. पंचांत दोघांचं चालायचं. एक म्हातारे कोतवाल, ज्यांनी धम्म घेतल्यावर कोतवालकी सोडली होती, पण हुकूम सोडायची सवय त्यांना सोडता आली नव्हती. दुसरा आमच्याच वाड्यातला तरुण मास्तर. तो दर्यापूरकडे शाळेवर होता आणि सुट्टी लागली की गावी यायचा.

नियम मास्तरनं सांगितले आणि लोकांना पटले. सगळ्यांनी मिळून सगळी घरं बांधायची. कोणतं घर कोणाचं हे शेवटपर्यंत सांगायचं नाही. सगळी धाबी टाकून झाली की पोरांच्या हातून चिठ्ठ्या उचलायच्या. असं केलं म्हणजे कोणी आपल्या भिंतीत चांगली माती आणि दुसऱ्याच्या भिंतीत ढेकळं घालणार नाही. यात कोणाला अडचण नव्हती. अडचण पुढच्या नियमात होती. प्रत्येक घरानं एक बाप्या आणि एक बाई द्यायची. बाप्यानं गारा, म्हणजे भिंतीचा चिखल, तुडवायचा, भिंत घालायची, बाईनं माती आणि पाणी वाहायचं.

मी उठून विचारलं, "मामाजी, माह्यं काय?"

कोतवाल म्हणाले, "जोडी पाह्यजे बाप्पा. एका हातानं घर होते काय?"

"माह्ये हात दोन हायेत."

"थे मले दिसून राहिले. दुसरी जोडी कुठी हाये?"

माझी सासू मागून म्हणाली, "मी हाये ना."

सगळे हसले. सासूला डोळ्यांनी अंधुक दिसायचं आणि ती काठी धरून चालायची. कोतवाल तिच्या नात्यानं दीर लागत, त्यामुळे त्यांच्यात बोलण्याला धरबंध नव्हता.

"तू बुढे, गाऱ्यात पाय टाकशीन तं तुले बाहेर काढाले दोन मानसं लागतीन."

"मंग राहू दे मले तिथंच. भिताड मजबूत होईन."

मास्तर म्हणाला, वयनी दोन्ही कामं करत असतील तर त्यांची जोडी धरावी. यावर बरंच बोलणं झालं. नवरा जिवंत असताना घर कोणाच्या नावानं धरायचं, तो उद्या आला तर काय, बाई एकटी राहिली तर वस्तीला बोल लागेल, असं सगळं माझ्यासमोर माझ्याविषयी बोलले. शेवटी कोतवाल म्हणाले, "काम करू द्या. घराचं मंग पाहू."

पाहू म्हणजे नाही असं सांगायला आलेला कंटाळा. पण त्यांनी काम करू दिलं, आणि काम केलेल्या माणसाला नाही म्हणणं थोडं जड जातं, म्हणून मी कबूल झाले.

कापूस वेचून झाला, तूर निघाली, की आमच्याकडे मजुरी उतरते. ते दिवस आम्ही घरांना दिले. सकाळी उजाडताना मी गाऱ्यात उभी राहायची. खड्ड्यात माती, कुटार म्हणजे भुसा, आणि पाणी टाकायचं आणि तुडवायचं. काळी माती पायाला धरते. पाय उपसताना गुडघ्याची वाटी वर येते असं वाटायचं. लुगडं मांड्यांपर्यंत खोचून बाप्यांच्या रांगेत तुडवणारी मी एकटी. पहिल्या दिवशी एक-दोघं पाहून हसले, तिसऱ्या दिवशी कोणाला हसायला त्राण नव्हतं. ऊन चढलं की बाप्ये सावलीला बसायचे आणि मी बायकांच्या रांगेत जायची. नाल्यातून पाणी आणायचं, कारण विहिरीच्या खाऱ्या पाण्यानं भिंतीला पोपडे येतात. संध्याकाळी खोपटात गेले की जाऊ भाकर पुढे ठेवायची आणि मी ती हातात धरून झोपून जायची. सासू ती काढून घ्यायची आणि सकाळी मला परत द्यायची.

आता मातीचं सांगते, कारण सगळं तिथंच अडलं.

वऱ्हाडात घर बांधायचं तर पांढरी माती लागते. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं तडकते. तिच्यात कपाशीची पऱ्हाटी चांगली उभी राहते, भिंत नाही. पांढरी माती गावठाणात मिळते, जिथं माणसं पिढ्यानपिढ्या राहिली, चुली पेटल्या, राख पडली, भिंती पडल्या आणि पुन्हा उठल्या तिथं. हे आमच्यापैकी सगळ्यांना माहीत होतं, शेंबड्या पोरालासुद्धा. गावात गढीची माती होती. पाटील म्हणाले, न्या की, पण मग आमचं मेलेलं ढोर कोण ओढणार तेवढं सांगा. ती माती तिथंच राहिली.

दुसरी पांढरी माती आमच्याच पडलेल्या वाड्यात होती. ढीगच्या ढीग, फुकट, नाला ओलांडला की. ती आम्ही आणली नाही.

मास्तर बैठकीत म्हणाला होता की नव्या वस्तीत जुन्या वाड्यातलं काही यायला नको. त्या जागेत आपल्याला पिढ्यानपिढ्या नदीच्या उतारावर ठेवलं, त्या मातीत मरीमायला दिलेल्या बळींचं रक्त मुरलं आहे, त्याच मातीचं धाबं डोक्यावर घेऊन आपण काय बदललो? एका बाईनं विचारलं, मग बल्ल्या कशा आणता? तो म्हणाला, लाकूड धुता येतं, माती धुता येत नाही. हे सगळ्यांना पटलं. आज ऐकणाऱ्याला वेडेपणा वाटेल. तेव्हा देव बुडवून आम्हाला थोडीच वर्षं झाली होती आणि प्रत्येक गोष्ट नवी असावी असं वाटायचं. नवी लुगडी घेता येत नव्हती, निदान माती तरी नवी. काळ्या मातीत दुप्पट कुटार आणि शेण घालू, ती धरेल, असं ठरलं. कोणी विरोध केला नाही. माझ्या सासूनंही नाही, आणि ती सूर्य उगवला तरी विरोध करायची.

पावसाळ्यापर्यंत अर्ध्या घरांची धाबी टाकून झाली. पाऊस लागल्यावर भिंती आधी गरोदर बाईसारख्या फुगल्या. धाब्यांतून काळं पाणी ठिबकायला लागलं. मग एका दुपारी मधल्या ओळीतलं एक घर बसलं, दोन दिवसांनी त्याच्या शेजारचं, मग ओळच. आत कोणी राहत नव्हतं म्हणून बरं. आम्ही सगळे खोपटांच्या तोंडाशी उभं राहून पाहत होतो. घर कोणाचं हे ठरलेलं नसल्यामुळे जे पडलं ते प्रत्येकाला आपलंच वाटलं. एखाद्याचं पडलं असतं तर बाकीच्यांनी चुकचुक केली असती. इथं चुकचुक करायला कोणी मोकळं नव्हतं.

त्यानंतर बरीच माणसं फुटली. कोणी बडनेऱ्याला गेलं, कोणी अमरावतीला बांधकामावर. जे उरले त्यांची बैठक मास्तर दिवाळीच्या सुट्टीत आला तेव्हा भरली. एक जण म्हणाला, आता वाड्यातली माती आणू. दुसरा म्हणाला, मग देव पण परत आणा. भांडण लागलं. मास्तर मान खाली घालून बसला होता. त्याला कोणी घालूनपाडून बोललं नाही, कारण हात सगळ्यांनीच वर केले होते.

तो म्हणाला, "मले त्या मातीची भीती नाई वाटत. मले लाज वाटते. माह्या बापाले त्या वाड्यातून हाका मारून ढोर ओढाले नेत होते. थे मी पाह्यलं हाये. तुमी म्हनसान तं माती आना, पन मी नाई म्हनलं होतं एवढं ध्यानात ठेवजा."

मग माझी सासू म्हणाली, "मास्तर, आपन सारे त्याच वाड्यातले. आपल्याले दीक्षा चालली. मंग मातीलेच काहून चालत नाई? तिले बी देऊन टाक एकडाव."

लोक हसले, मास्तरही हसला, पण त्याचे डोळे हसले नाहीत. कोतवालांनी तेवढ्यात संधी साधली. म्हणाले, लाकूड धुतलं, माती चाळू. नाल्याच्या पलीकडेच चाळायची. वाड्यातलं जे काही चाळणीवर राहील ते तिकडे राहील, खाली पडेल ती नुसती माती, ती इकडे आणायची. मास्तरनं पुष्कळ वेळ विचार केला. मग म्हणाला, "पयली चायनी मी धरतो."

दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही वाडा चाळला. खाटेच्या चौकटीला तारेची जाळी ठोकून उभ्या चाळण्या केल्या होत्या. एकीनं फावड्यानं माती जाळीवर फेकायची, दुसरीनं खाली पडलेली टोपल्यांत भरायची, बाकीच्यांनी नाला ओलांडून वर न्यायची. तोंडाला पदर बांधला तरी रात्री थुंकी पांढरी यायची. एका घराला जितकी माती लागते तितकी आधी डोक्यावरून गेली पाहिजे, त्याच्या आधी हातातून गेली पाहिजे, त्याच्या आधी जाळीतून. मेहनत दुप्पट नाही, तिप्पट झाली. आणि मी एकटीच जोडी होते, म्हणून मला सकाळी गाराही होता.

पुढे काही शिकलेल्या बायकांनी मला विचारलं, जुन्या मातीत काय काय सापडलं? त्यांना वाटत असावं काही दागिना, काही नाणं. काचा सापडल्या. बांगड्यांच्या. कोळसे, हाडं, फुटक्या गाडग्यांचे तुकडे, एका पोराचा लाकडी बैल. सासू चाळणीजवळ बसून जाळीवर राहिलेलं हातानं चाचपून बाजूला टाकायची. एकदा शेंदूर लागलेला एक गोल दगड निघाला. बायकांची फावडी थांबली. सासूनं तो हातात घेऊन फिरवला.

"हे आमच्या कोनाड्यातली हाये," ती म्हणाली. "नदीत सोडाची राहून गेली वाटते."

"ठेवता काय आत्या?" एकीनं चाचरत विचारलं.

"कायले? तीस वर्सं हात जोडले मी तिले. ना पोरगं हातात ठेवलं, ना डोये." आणि तो दगड तिनं काचांच्या ढिगावर टाकला.

त्या उन्हाळ्यात पांढऱ्या भिंती उभ्या राहिल्या. माणसं कमी, म्हणून घरंही कमी. जी झाली होती ती पावसाळ्यात टिकली. धाब्यावरून पाणी सरळ पन्हाळीला गेलं. पुढचा हिवाळा सरला आणि तिसऱ्या उन्हाळ्यात उरलेली ओळ घ्यायची ठरली. एक-दोन घरं तेवढी बाकी असताना गेलेली माणसं परतायला लागली. त्यांतच एका दुपारी माझा नवरा आला. पायात बूट, हातात कापडी पिशवी. तो मातीच्या ढिगावर बसला आणि घरांकडे पाहायला लागला.

"घरं झाले म्हनते," तो म्हणाला.

"कोन म्हनते?"

"अकोल्यापर्यंत बातमी हाये."

सासू चाळणीजवळून म्हणाली, "कोन हाये वं?"

"मी हावो, माय."

"आवाज ओयखीचा वाटून राहिला. कोनाचा पोरगा तू?"

तो हसला, पण उठून तिच्या पाया पडला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. मी टोपलं उचलून गेले.

पंचांना हायसं वाटलं. त्यांचा पेच सुटला होता. कोतवाल मला बोलावून म्हणाले, "चांगलं झालं पोरी. जोडी झाली. आता घराची फिकीर नाई, त्याच्या नावानं चिठ्ठी टाकू."

तोपर्यंत मी दोन उन्हाळे काढून तिसऱ्यात होते. ओरडायची ताकद नव्हती, आणि ओरडून काही होतं असं मी पाहिलेलं नव्हतं. दिराच्या खोपटातून निघून मी नवऱ्याच्या घरात जाणार होते, आणि तो ज्या दिवशी त्या बाईला घेऊन येईल त्या दिवशी तिथली कोंबडीही मला विचारणार होती. हे मला अगदी स्वच्छ दिसलं.

मी म्हणाले, "मामाजी, जोडी झाली तं जोडीचं काम बी होऊ द्या. माह्यं दोघाचं झालं हाये. त्याचं एकाचं राह्यलं हाये. शेवटचं घर उभं होईपर्यंत त्यानं गारा तुडवावा. मंग तुमी म्हनसान त्याच्या नावानं चिठ्ठी टाका."

कोतवाल मास्तरकडे पाहायला लागले. त्याला उन्हाळ्याची सुट्टी होती. तो म्हणाला, "नियम तं तसाच हाये."

नवऱ्यानं लगेच कबूल केलं. त्याला ते सोपं वाटलं असावं. तो गावातच वाढला होता, गारा त्याला नवा नव्हता. पण मिलच्या फरशीवर इतकी वर्षं उभे राहिलेले पाय ते. चार-सहा दिवस त्यानं चांगलं काम केलं, खोटं कशाला बोलू. बाप्यांशी हसून-खेळून बोलायचा, अकोल्याच्या सिनेमाच्या गोष्टी सांगायचा. पोरीला त्यानं रिबन आणली होती. मग टाचा फुटल्या. मग कंबर धरली. एका दुपारी पाणी प्यायला आला तेव्हा माझ्याजवळ बसला.

"तू लय वाळली," तो म्हणाला.

"हो."

"तिले सोडून देतो मी. इथंच राहीन म्हनतो."

"राहा. पन गारा सुकून राहिला."

"मान्सानं दोन शब्द गोड बोलाव."

"घर झाल्यावर बोलू."

बाजाराच्या दिवशी तो तंबाखू आणायला गेला. संध्याकाळी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. बूट मात्र घालून गेला होता, त्यावरून मी ओळखलं होतं. गाऱ्याच्या दिवसांत बूट कोणी घालत नाही. लोक म्हणाले, येईल. सासू दोन दिवस जेवली नाही आणि चाळणीजवळही गेली नाही. तिसऱ्या दिवशी काठी टेकत आली, बसली, आणि काचा बाजूला काढायला लागली. मी तिला काही समजावलं नाही. पोरगा तिचा होता. मला त्यात बोलायला जागा नव्हती.

शेवटचं धाबं टाकून झालं तेव्हा पंच पुन्हा बसले. कोतवाल अजूनही चाचरत होते. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी फक्त असं कधी पाहिलेलं नव्हतं.

"उद्या थो पुन्हा आला तं?"

मी म्हणाले, "आला तं शेजारी खड्डा हाये. माती हाये. तुडवन."

"बाईच्या नावानं घर म्हनजे गाव हसन ना वं."

"गाव आपल्याले कवा हसलं नाई, मामाजी?"

मास्तरनं लोकांकडे पाहिलं. बायकांच्या बाजूनं माझी जाऊ म्हणाली, "देऊन टाका. तिच्यासारखं तुडवलं कोनी?" तिनं हे माझ्यावरच्या प्रेमानं म्हटलं की खोपट रिकामं व्हावं म्हणून, ते मी विचारलं नाही. दोन्ही असेल. कोतवालांनी खांदे उडवले आणि म्हणाले, "टाका चिठ्ठी."

माझ्या पोरीनं चिठ्ठी उचलली. घर वाईट निघालं. ओळीच्या टोकाचं, पश्चिमेला उघडं, दुपारनंतर भिंत तव्यासारखी तापणारं. दाराची चौकट एका बाजूला झुकलेली. कोणीतरी बदलून देऊ का असं विचारलं. मी नको म्हणाले. बदलण्याच्या बोलण्यात पुन्हा पंच बसले असते.

आम्ही गेलो तेव्हा सामान एका फेरीत झालं. दोन पोती, पाटा, तवा, घागर आणि सासूची काठी. मी जमीन सारवत होते तेव्हा मास्तर गेरूचं वाटकं आणि काडी घेऊन आला. तो घराघरावर मालकाचं नाव लिहीत निघाला होता. दारात उभा राहून म्हणाला, "वयनी, नाव काय लिवू?"

तो मला इतकी वर्षं ओळखत होता. माझं नाव त्याला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं, तसं कारणच पडलं नव्हतं. कोणाची तरी बायको, कोणाची तरी सून, पोरीची माय, वयनी. लग्नात नवऱ्यानं ठेवलेलं एक नाव होतं, ते त्यानंही कधी वापरलं नाही. मी ते सांगितलं नाही. माहेरचं सांगितलं. मास्तरनं ते चौकटीच्या वरच्या भिंतीवर लिहिलं आणि वाटकं उचलून शेजारच्या घराकडे गेला.

सासूनं विचारलं, "काय लिवलं वं त्यानं?"

मी सांगितलं.

"हे कोनतं नाव?"

"माह्यंच. माहेरचं."

"बरं हाये," ती म्हणाली. मग हातानं पश्चिमेची भिंत चाचपून पाहिली, आणि म्हणाली की इथं चूल मांडू नको, आधीच भिताड तापून राहिलं हाये, दाराजवळ मांड.

मी दाराजवळ मांडली.